दवाखान्याच्या फळ्यावरच्या नव्या सूचना आणि त्यामागची कारणं

दवाखानेवाली

नमस्कार मंडळी. आम्ही चार फॅमिली डॉक्टर मिळून एक दवाखाना चालवतो. बाहेरच्या फळ्यावर नुकत्याच काही नव्या सूचना लावल्या. सूचना एकेका ओळीच्या, पण काउंटरवर त्यावरून रोज वाद. कारणं फळ्यावर मावत नाहीत, म्हणून हा धागा. तुमचा डॉक्टर वेगळा असला तरी यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

सगळ्यात जास्त राग आलाय तो पहिल्या सूचनेचा : 'फोन करताना त्रास काय आहे ते थोडक्यात सांगा.' रिसेप्शनवरच्या मुलीला कशाला सांगायचं, ती काय डॉक्टर आहे? नाहीच. ती निदान करत नाही. तिच्यासमोर आम्ही एक यादी लावून ठेवली आहे. छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, श्वास पुरत नाही, यातलं काही ऐकलं की ती नंबर देतच नाही. थेट ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री नीट झोपला आणि सकाळी तोंड वाकडं दिसलं, तर घड्याळ रात्रीपासूनच सुरू झालेलं असतं. अशा वेळी आधी आमच्या बाकावर येऊन बसणं म्हणजे वेळ घालवणं. बाकी तक्रार खाजगी असेल तर 'खाजगी आहे' एवढंच म्हणा, पुढे कोणी खोदून विचारणार नाही.

दुसरी सूचना : नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी संपायच्या आठवडाभर आधी मागा. 'सही तर करायची आहे' असं लोक म्हणतात. पण सहीच्या आधी बघायचं असतं की शेवटचं बीपी कधी मोजलं, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि रक्तातलं पोटॅशियम कधी तपासलं. बीपीची रामिप्रिल, एनालाप्रिल ही '-प्रिल'वाली किंवा लोसार्टन, टेल्मिसार्टन ही '-सार्टन'वाली गोळी चालू असेल, जोडीला लघवी वाढवणारी गोळी असेल आणि गुडघा दुखतो म्हणून तुम्ही परस्पर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असाल, तर तिन्ही मिळून मूत्रपिंडाला चांगलाच दणका देऊ शकतात. दुखण्याची गोळी लोक आम्हाला सांगत नाहीत, कारण ती 'औषधात' धरतच नाहीत. ती पण सांगा. झोपेची, ॲसिडिटीची, पावडरी, काढे, सगळं सांगा. त्याहून बरं म्हणजे घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन या. 'ती पांढरी छोटी गोळी' यावरून आम्हालाही काही कळत नाही. कंपनी बदलली की रंग बदलतो, आकार बदलतो. नाव आणि मिलिग्रॅम बघा.

तिसरी : रिपोर्टसाठी तुम्ही फोन करा. 'दवाखान्यातून फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक' असं समजू नका. नमुना वाटेत फुटतो, नावात गोंधळ होतो, रिपोर्ट दुसऱ्याच डॉक्टरच्या ट्रेमध्ये पडतो. आम्ही बघतोच, पण दोन्हीकडून पाठपुरावा झाला तर काही निसटत नाही. रक्त देतानाच 'कधी फोन करू?' असं विचारून ठेवा.

चौथी : फ्लूची लस आली आहे. पासष्टीच्या पुढचे, गरोदर बायका, दमा, मधुमेह, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांना आधी. गेल्या वर्षीची यंदा चालत नाही. विषाणू बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते प्रकार घ्यायचे ते ठरवते.

पाचवी : सर्दी-घसा-खोकल्यावर पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक मिळणार नाही. त्याऐवजी काही रुग्णांना आम्ही 'राखीव चिठ्ठी' देतो. ती घरी ठेवायची. सांगितलेल्या मुदतीत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तरच औषध आणायचं. बऱ्याच चिठ्ठ्या वापरल्याच जात नाहीत, आणि आमच्या दृष्टीने तेच उत्तम.

विचारा काय विचारायचं ते. फक्त इथे कोणाचं निदान करणार नाही, औषध लिहून देणार नाही.

उगीचच

डॉक्टर, लेख चांगला आहे, पण सूचना सगळ्या पेशंटलाच का? डॉक्टरांसाठी फळा कुठे आहे? १९८४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये तोंड घालतात असं त्यात निघालं. माझा अनुभव तर त्याहून वाईट आहे. एका ठिकाणी (नाव घेत नाही) मी 'पाठीत' म्हणालो आणि चिठ्ठी छापून बाहेर.

दवाखानेवाली

@उगीचच, अभ्यास खरा आहे आणि टोमणा योग्य जागी लागला. याची दुसरी बाजूही तपासली गेली आहे. २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात डॉक्टरांना सांगितलं होतं की पेशंट स्वतःहून थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. लोक सरासरी दीड मिनिट बोलले, बरोबर सांगायचं तर ९२ सेकंद. म्हणजे 'बोलू दिलं तर तासभर संपत नाही' ही आमच्या लोकांची भीती पोकळच आहे. आमच्याकडे आता नियम आहे, पेशंट बसला की पहिली दोन मिनिटं कीबोर्डला हात लावायचा नाही. हा नियम फळ्यावर नाही, आमच्या टेबलावर चिकटवलाय.

बदल्यात एकच मागणं. मुख्य गोष्ट आधी सांगा. सर्दीबद्दल दहा मिनिटं बोलून झाल्यावर, चपला घालता घालता, दाराच्या कडीला हात लावून 'हां डॉक्टर, जिना चढताना छातीत जरा भरून येतं, पण ते असू दे' असं म्हणणारा पेशंट आम्हा प्रत्येकाला आठवड्याला भेटतो. तो परत खुर्चीत येतो, आणि बाहेरच्या सगळ्यांची वेळ तासभर पुढे सरकते. सरकायलाच हवी. पण तेच पहिल्या वाक्यात आलं असतं तर सर्दीचं दोन मिनिटांत उरकलं असतं.

तिसराडोळा

चपला घालता घालता! आमचे वडील अगदी असेच. +१

चिंगीची आई

डॉक्टर, मुलीला (अडीच वर्षं) ताप आला की माझी घाबरगुंडी उडते. १०२ दिसला की मी पाण्याच्या पट्ट्या, औषध, पंखा सगळं एकदम सुरू करते. सासूबाई म्हणतात पांघरूण घाल, घाम येऊ दे. नक्की काय करायचं? आणि ताप डोक्यात जातो म्हणतात ते खरं का?

दवाखानेवाली

@चिंगीची आई, हे जरा सविस्तर लिहिते, कारण फोनवर सगळ्यात जास्त विचारलं जाणारं हेच.

ताप म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, फॅरनहाइटमध्ये १००.४ किंवा त्याहून जास्त. संसर्गाशी लढताना शरीर स्वतःच तापमान वाढवतं आणि साध्या संसर्गातला ताप मेंदूला इजा करत नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना तापात झटके येतात. बघणाऱ्याचा जीव अर्धा होतो, पण बहुतेक मुलांना त्याने कायमचं नुकसान होत नाही. पॅरासिटॅमॉलने ते झटके टळतात असंही नाही. पहिल्यांदाच झटका आला किंवा पाच मिनिटांत थांबला नाही, तर मात्र थेट हॉस्पिटल.

म्हणून थर्मामीटरपेक्षा मुलीकडे बघा. १०२ ताप असून ती खेळतेय, पाणी पितेय, तर औषधाची घाई नाही. आकडा १०० च आहे पण ती मलूल पडून आहे, डोळे उघडत नाही, शू झालेली नाही, तर लगेच दाखवा. पॅरासिटॅमॉल द्यायचं ते तिला बरं वाटावं म्हणून, आकडा उतरवायला नाही. प्रमाण वजनावर : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवरचा आकडा जरूर वाचा. पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप असतं तसं २५० चंही असतं. 'एक चमचा' म्हटलं की एका बाटलीतून दुप्पट जातं. स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच, बाटलीबरोबर येणारी सिरिंज किंवा मापाचं झाकण वापरा.

गार पाण्याने अंग पुसलं की मूल कुडकुडतं, आणि कुडकुडल्याने उष्णता वाढते. जाड पांघरुणाने ती अडकते. हलके कपडे, भरपूर पाणी, बस. सासूबाईंना दवाखान्याचं नाव सांगा, वाईटपणा आम्ही घेऊ.

दोन गोष्टींना थांबायचं नाही. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असला, तर बाळ कितीही छान दिसत असो, त्याच दिवशी, त्याच तासाला दाखवायचं. आणि अंगावर उठलेल्या पुरळावर काचेचा पेला दाबून बघा. दाबल्यावर पुरळ फिकं झालं नाही, तर दवाखान्यात नाही, सरळ हॉस्पिटलमध्ये. पण मूल खूपच आजारी वाटत असेल तर पेल्याची वाट बघत बसू नका, निघा. लहान मुलांना तापासाठी ॲस्पिरिन कधीही नाही.

चिंगीची आई

खूप आभार. फ्रिजला चिकटवते. पेल्याचं माहीतच नव्हतं.

जुनाखोकला

माझं सदस्यनाम बघून कळलंच असेल. दोन आठवडे झाले. ताप नाही, दम लागत नाही, पण खोकला काही जात नाही, कफ पिवळा आहे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. ही तुमची राखीव चिठ्ठीवाली मंडळी सगळीकडे पसरली आहेत का?

दवाखानेवाली

@जुनाखोकला, सदस्यनाम बदलायला अजून थोडा अवकाश आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात लोकांना विचारलं, खोकला किती दिवस राहील असं वाटतं? उत्तर आलं सात ते नऊ दिवस. आधीच्या अभ्यासांतून प्रत्यक्षात निघालेली सरासरी मात्र जवळपास १८ दिवस. आठव्या-नवव्या दिवशी लोक हैराण होऊन येतात, अँटिबायोटिक घेतात, पुढच्या आठवड्यात खोकला तसाही उतरतो आणि श्रेय जातं गोळीला. कफाच्या पिवळ्या-हिरव्या रंगावरून जिवाणू की विषाणू हे ठरत नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो.

तीन आठवड्यांच्या वर गेला, कफातून रक्त आलं, वजन घटतंय, रात्री घामाने कपडे भिजतात, श्वास लागतो किंवा तुम्ही धूम्रपान करता आणि खोकल्याचा सूरच बदललाय, असं काही असेल तर पुन्हा जा आणि स्पष्ट सांगा. छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी यांचा विचार तिथे होतो.

रातकिडा

एक शंका. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा असं लहानपणापासून ऐकत आलो. मध्यंतरी वाचलं की हे मतच आता जुनं झालं. मग बरं वाटल्यावर थांबवायचं का?

दवाखानेवाली

@रातकिडा, चर्चा २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखाने पेटली. त्यांचं म्हणणं असं की औषध लवकर थांबवल्याने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात याला भक्कम पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने अंगातल्या इतर जिवाणूंमध्ये प्रतिकार वाढतो. दुसरीकडे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या डोसाचा धोका सांगितला होता. व्यवहारात काय झालं, तर बऱ्याच साध्या संसर्गांचे कोर्स आता छोटे झाले. बायकांच्या साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गात काही औषधं तीनच दिवस पुरतात. पण क्षयरोगात महिनोन्‌महिने घ्यायलाच लागतात, तिथे मध्येच सोडणं घातक. त्यामुळे स्वतःच्या मनाने थांबवू नका. चिठ्ठी घेतानाच विचारा, 'किती दिवस, आणि आधी बरं वाटलं तर?' आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या घशासाठी जपून ठेवू नका.

पिंपळपान

वडिलांचं बीपी तुमच्यासारख्यांच्या दवाखान्यात १६०, घरी १३० च्या आसपास. डॉक्टर म्हणतात घरचं लिहून आणा. घरच्या मशीनवर विश्वास ठेवायचा का? सकाळी एक येतं, दहा मिनिटांनी दुसरंच.

दवाखानेवाली

@पिंपळपान, दंडाला पट्टा बांधायचं, प्रमाणित असलेलं मशीन असेल तर घरचा आकडा बऱ्याचदा आमच्यापेक्षा खरा असतो. आमच्याकडे जिना चढून, ताटकळून, घाबरून मोजलेलं असतं. मनगटावरची मशीनं शक्यतो टाळा.

मोजायची रीत मात्र पाळायला हवी. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून (मांडीवर मांडी नाही) पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे गप्प, बोलत मोजलं की आकडा सहज दहाने वर जातो. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही, आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला. पहिल्यांदा दोन्ही हातांत मोजा आणि ज्यात जास्त येतं तोच हात पुढे कायम ठेवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्टा खोटं जास्त दाखवतो.

सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा, चार ते सात दिवस. सगळं लिहा, 'वाईट' आकडे गाळू नका. पहिला दिवस आम्ही सोडून देतो आणि बाकीच्यांची सरासरी काढतो. दवाखान्यात १४०/९० ही सीमा धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५. दर दहा मिनिटांनी मोजत बसलात तर मशीन खरं बोलेल, पण तुम्हीच बीपी चढवाल.

हिशेबनीस

तुम्ही चार डॉक्टर म्हणता तिथेच माझी तक्रार आहे. दर वेळी वेगळा चेहरा. दर वेळी पहिल्यापासून कहाणी. जुना एकटा डॉक्टर बरा होता, त्याला आजोबांपासून सगळ्यांची दुखणी पाठ होती.

दवाखानेवाली

@हिशेबनीस, बरोबर बोललात, आणि यावर पुरावाही तुमच्याच बाजूने आहे. नॉर्वेत प्रत्येक नागरिकाचा फॅमिली डॉक्टर नोंदलेला असतो, म्हणून तिथे हे मोजता आलं. २०२२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असलेल्यांत, डॉक्टरकडे वर्षभरच काढलेल्यांच्या मानाने रात्री-अपरात्री डॉक्टरकडे धावाधाव, हॉस्पिटलची भरती आणि मृत्यू, तिन्ही २५ ते ३० टक्क्यांनी कमी होते. हे सगळं डॉक्टरमुळेच असं सिद्ध होत नाही. एका जागी टिकून राहणाऱ्या माणसांचं आयुष्यही एरवी स्थिर असू शकतं. पण ओळखीचा डॉक्टर 'आज हा नेहमीसारखा बसला नाही' एवढ्यावरून सावध होतो, ते कागदावर येत नाही.

म्हणून फळ्यावर सहावी सूचना येते आहे : प्रत्येक पेशंटच्या नावापुढे एक डॉक्टर. जुनाट आजार, गोळ्या बदलणं, रिपोर्ट, मनाचे त्रास यासाठी त्याच डॉक्टरची वेळ घ्या, चार दिवस थांबावं लागलं तरी चालेल. कान दुखतोय, खरचटलंय, ताप आलाय, तर जो मोकळा असेल तो.

हिशेबनीस

हे पटलं. पण तो एक डॉक्टर महिनाभर रजेवर गेला तर?

उगीचच

मग तुमची चपला घालता घालताची गोष्ट महिनाभर राखीव. 😀

दवाखानेवाली

दोघांची जोडी असेल. एक रजेवर तर दुसरा बघणार, आणि रजेआधी किचकट पेशंटबद्दल दोघं बसून बोलतील.

कुंदकळी

वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं. आईला मधुमेह, बीपी दोन्ही. मागे उलट्या-जुलाब झाले तेव्हा पोटात काही ठरत नव्हतं तरी तिने सगळ्या गोळ्या शिस्तीत घेतल्या. 'गोळी चुकवायची नाही' असं तुम्हीच लोकांनी सांगितलेलं असतं ना.

दवाखानेवाली

@कुंदकळी, बरं झालं विचारलंत, हे मूळ लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मधुमेहाची मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, वर सांगितलेल्या प्रिल-सार्टन आणि मधुमेहाची '-ग्लिफ्लोझिन' नावाची औषधं काही काळ थांबवावी लागू शकतात. उलट इन्सुलिन स्वतःहून पूर्ण बंद करायचं नसतं, आणि बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड तर एकदम कधीच सोडायचं नाही. आईची तब्येत चांगली असतानाच तिच्या डॉक्टरांकडून 'आजारपणात यातलं काय थांबवू, काय चालू ठेवू, परत कधी सुरू करू' हे कागदावर लिहून घ्या आणि गोळ्यांच्या डब्यात ठेवा. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवायचं, एक लिटरचं असेल तर एक लिटरच. अर्ध्या पाण्यात केलं की जास्त ताकद येत नाही, मीठ जास्त होतं.

रातकिडा

लशीचं राहिलं. मला लस घेतल्यावरच फ्लू झाला होता, तेव्हापासून घेत नाही.

दवाखानेवाली

@रातकिडा, टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होत नाही. दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण, हे होतं. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्या मधल्या काळात बाहेरून लागण होऊ शकते. शिवाय त्या मोसमात सर्दीचे इतर डझनभर विषाणू फिरत असतात, त्यांना ही लस अडवत नाही. घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो, पण गंभीर व्हायची शक्यता कमी होते.

तिसराडोळा

नुसती सर्दी असताना घेतली तर चालते का? वडिलांचं नाक बाराही महिने गळतं, त्यांची वेळ कधी येणार?

दवाखानेवाली

@तिसराडोळा, चालते. ताप असेल तर उतरेपर्यंत थांबायचं, नुसत्या गळत्या नाकाला थांबायची गरज नाही. आधीच्या कुठल्या लशीची जोरदार ॲलर्जी आली असेल तर टोचायच्या आधी नर्सला सांगा, आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं दवाखान्यातच बसवा त्यांना. तेवढ्यात जिना चढताना काही होतं का तेही विचारून घेऊ.